स्पूलवरचा आवाज : स्वामित्व, वापर आणि जतन

१

एखादी जुनी वस्तू जवळ बाळगणे आणि ती वापरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ज्याच्या संग्रहात शिवकालीन होन आहे तो त्या होनाने काही विकत घेत नाही. आणि पणजीच्या समईत जो आज तेल घालून वात लावतो त्याच्या दृष्टीने ती समई जुनी नसते, नुसती समई असते. पहिल्या प्रकारात वस्तू व्यवहारातून निवृत्त होऊन चिन्हरूप झालेली असते, तर दुसऱ्या प्रकारात तिचे जुनेपण व्यवहारात विरघळून गेलेले असते. जुन्या वस्तूंविषयीचे आपले बहुतेक चिंतन या दोन टोकांपैकी एकाशी निगडित असते. स्पूलचा टेपरेकॉर्डर मात्र या दोहोंपैकी कोणत्याही कोटीत नीट बसत नाही, आणि म्हणूनच तो एक तात्त्विक प्रश्न उभा करतो असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हे यंत्र नुसते कपाटात ठेवले तर त्याचे रबर कडक होते, पट्टे चिकट होऊन वितळतात, वंगण घट्ट होते, कपॅसिटर निकामी होतात. म्हणजे न वापरल्याने ते टिकत नाही. ते चालवले तर हेड झिजतात आणि हेडवरून जाणारी फीतही झिजते. प्रत्येक वादनागणिक फितीवरच्या लोहभस्माचा काही अंश हेडवर तपकिरी भुकटीच्या रूपाने उरतो. म्हणजे वापरल्यानेही ते टिकत नाही. शिवाय त्याचे सुटे भाग आज सहसा दुसऱ्या यंत्रातूनच काढून घ्यावे लागतात. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेले दुसरे यंत्र मोडून पहिले जिवंत ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. जो हे यंत्र बाळगतो त्याला ते वापरावेच लागते, आणि जो वापरतो तो आपण काय खर्ची घालत आहोत हे विसरू शकत नाही.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. चुंबकीय ध्वनिमुद्रणाची कल्पना डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर सिद्ध केली. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देण्याचे पेटंट घेतले, आणि १९३५ च्या बर्लिन प्रदर्शनात आएगे व बाएएसएफ यांचे ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र लोकांसमोर आले. १९४० मध्ये उच्च कंप्रतेच्या पूर्वप्रवाहाची युक्ती सापडल्यावर फितीवरील आवाज एकाएकी स्वच्छ झाला. युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले, १९४८ पासून अँपेक्सची यंत्रे तेथील नभोवाणीत रुळली, आणि पुढच्या दोन दशकांत ग्रुंडिग, फिलिप्स, उहेर, रिव्हॉक्स, अकाई अशा नावांची घरगुती यंत्रे जगभर पसरली. आपल्याकडे ती बहुधा परदेशाहून येणाऱ्या एखाद्या आप्ताच्या सामानातून आली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि हळूहळू घरांतून स्पूल हद्दपार झाले. ते पूर्णपणे मात्र संपले नाही. २००५ च्या प्रारंभी क्वांटिजी या अमेरिकी कंपनीचा कारखाना बंद पडला तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत फितीची टंचाई जाणवली. पण आज फ्रान्स आणि अमेरिकेतील मोजक्या कारखान्यांत नवी फीत तयार होते, आणि काही हौशी व व्यावसायिक मंडळी पुन्हा तिच्यावर मुद्रण करतात. तेव्हा प्रश्न एका मृत तंत्राचा नसून एका वार्धक्यातील, पण चालत्याबोलत्या तंत्राचा आहे.

२

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष प्रसंग पुढे ठेवतो. काही वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध आप्ताच्या निधनानंतर त्यांचे घर रिकामे करताना एक स्पूल टेपरेकॉर्डर आणि सुमारे डझनभर स्पूल प्रस्तुत लेखकाकडे आले. या गृहस्थांच्या घरी साठ व सत्तरच्या दशकांत गाण्याच्या बैठकी होत, आणि त्या ते मुद्रित करून ठेवीत. अशा खाजगी मुद्रणांचे महत्त्व संगीताच्या अभ्यासकांना सांगण्याची गरज नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. दीर्घवादन तबकडीनेही एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे सहसा जाऊ दिले नाही. विलंबित ख्यालाची सावकाश बढत, मध्येच सुचलेली जागा, श्रोत्यांची दाद, तंबोरा पुन्हा जुळवण्यासाठी घेतलेला अवकाश हे सारे जर कोठे उरले असेल तर ते नभोवाणीच्या संग्रहात आणि अशा घरगुती स्पूलांवर. तेथेही फितीची लांबी आपली मर्यादा घालतेच. बाराशे फुटांचा सात इंची स्पूल सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बत्तीस मिनिटांत संपतो, निम्म्या वेगाने चौसष्ट मिनिटांत. आणि स्पूल उलटण्यात गेलेल्या त्या एक-दोन मिनिटांतले गाणे कायमचे गेलेले असते.

त्या संग्रहातील एका स्पूलवर एका बुवांची बैठक आहे. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पहिला राग संपतो, पान-सुपारीचे आवाज होतात, आणि मग बुवा यजमानांना उद्देशून म्हणतात, “भाऊ, ते यंत्र आता बंद करा. हे नुसतं बसून ऐकायचं.” यजमानांचा आवाज येतो, “केलं, बुवा.” यंत्र बंद झालेले नाही. पुढची चाळीसेक मिनिटे त्या स्पूलवर जे गाणे आहे ते त्या संपूर्ण संग्रहातले, लेखकाच्या अल्पमतीप्रमाणे, सर्वोत्तम गाणे आहे. पहिल्या रागात आढळणारी सावधगिरी येथे नाही. बुवा चुकतात, थांबतात, पुन्हा शोधतात, आणि त्या शोधातून जे मिळते ते आधीच्या बेतशुद्ध गायनात मिळालेले नाही.

येथे नैतिक पेच सरळ दिसतो. गाण्याचे मूल्य आणि विश्वासभंग या दोन गोष्टी येथे योगायोगाने एकत्र आलेल्या नाहीत. यंत्र बंद आहे या समजुतीमुळेच ते गाणे तसे झाले असण्याचा संभव मोठा आहे. असा स्पूल ज्याच्या ताब्यात आहे आणि तो वाजवण्याचे साधनही ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर चार मार्ग असतात : ऐकणे, प्रत करणे, पुसणे, आणि काहीच न करता ठेवून देणे. यांपैकी प्रत्येक मार्ग काही गृहीतकांवर उभा आहे. ती गृहीतके तपासल्याखेरीज निवड करणे म्हणजे केवळ आपल्या आवडीला तत्त्वाचा पोशाख चढवणे होय.

३

पहिले गृहीतक ‘मूळ’ या संकल्पनेविषयी आहे. स्पूलचे आजचे चाहते वारंवार असे सांगतात की मूळ फीत मूळ यंत्रावर ऐकण्यात जी सत्यता आहे ती अंकीय प्रतीत नाही. या दाव्याचे परीक्षण करताना नेल्सन गुडमनने १९६८ मधील ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात केलेला भेद उपयोगी पडतो. ज्या कलाकृतीची हुबेहूब नक्कलसुद्धा अस्सल ठरत नाही ती स्वहस्ताधिष्ठित, उदाहरणार्थ चित्र. आणि जिची वर्णशः अचूक प्रत तितकीच अस्सल असते ती संकेताधिष्ठित, उदाहरणार्थ कविता. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे नेमके हेच दुसरे गृहीतक आहे. हस्तलिखिते कितीही भ्रष्ट असली तरी पाठ हा वर्णांचा बनलेला असल्यामुळे त्यांच्या तुलनेतून शक्य तितका प्राचीन पाठ सिद्ध करता येतो. लेखनिकाची चूक ही चूक म्हणून ओळखता येते, कारण ‘क’ आणि ‘फ’ यांच्यामध्ये तिसरे काही नसते.

फीत या वर्गीकरणात मध्ये कोठेतरी लोंबकळते. ती प्रत करण्यासाठीच जन्मली आहे, पण तिची प्रत कधीच निर्दोष होत नाही. फितीवरून फितीवर उतरवताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते, वरच्या कंप्रता बोथट होतात, वेगाचे सूक्ष्म हेलकावे एकमेकांत मिसळतात. ही हानी लेखनिकाच्या चुकीप्रमाणे शोधून दुरुस्त करता येत नाही, कारण येथे वर्ण नाहीत, अखंड राशी आहे. परिणामी पुनरुत्पादनाच्या पोटातच एक नवे ‘मूळ’ जन्माला आले. वाल्टर बेन्यामिनने १९३५–३६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे अनन्यतेचे वलय क्षीण होते. फितीने हे म्हणणे उलटे फिरवले असे नव्हे, पण गुंतागुंतीचे मात्र केले. मैफलीचे वलय फितीने हिरावले, आणि ते ‘मास्टर’ म्हणून स्वतःभोवती गुंडाळून घेतले. आज मूळ फितीपासून थेट उतरवलेल्या स्पूलला जी मोठी किंमत दिली जाते ती या दुसऱ्या वलयाची किंमत आहे.

हे दुसरे वलय पूर्णपणे मिथ्या आहे असे म्हणता येणार नाही, पण त्याला सत्यतेचे नाव देणे योग्य नव्हे. फीत हा पारदर्शक साक्षीदार कधीच नव्हता. पाव इंची फितीला ब्लेडने तिरपा छेद देऊन दोन वेगवेगळ्या क्षणांतले आवाज जोडता येतात, हे पिएर शेफेर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये पन्नासच्या दशकात रचनातत्त्व म्हणून वापरले. आणि १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडून दिलेल्या ग्लेन गूल्डने वेगवेगळ्या वादनांचे तुकडे जोडून केलेल्या मुद्रणाचे तात्त्विक समर्थन केले. ज्या माध्यमात कात्री लावणे इतके स्वाभाविक आहे त्याच्याविषयी ‘ते खोटे बोलत नाही’ असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. न कापलेल्या फितीवरही काळाची सरमिसळ होतच असते. स्पूलवर एकावर एक बसलेल्या थरांचे चुंबकत्व शेजारच्या थरांत झिरपते, आणि मोठा स्वर लागण्यापूर्वी क्षणभर त्याची अस्पष्ट चाहूल ऐकू येते. गायकाने जे अजून गायलेले नाही ते फीत आधीच पुटपुटते. तेव्हा जुने यंत्र वापरण्याचे समर्थन सत्यतेवर उभे करता येत नाही. ते करायचे असेल तर दुसऱ्या पायावर करावे लागेल.

४

दुसरे गृहीतक असे की फितीवर आहे तो त्या माणसाचाच आवाज आहे. स्पूल लावताच आपण म्हणतो, ‘हा बुवांचा आवाज.’ ही प्रत्यभिज्ञा आहे, आणि प्रत्यभिज्ञेवरून काय सिद्ध होते हा आपल्या दर्शनांतील जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते ‘हाच तो गकार’ ही ओळख वर्णाचे नित्यत्व दाखवते. ध्वनी केवळ त्याची अभिव्यक्ती करतो. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, उत्पन्न होतो आणि नष्ट होतो; ‘हाच तो’ या प्रतीतीचा आधार ऐक्य नसून सादृश्य आहे. दोघांच्याही समोर फीत नव्हती. त्यांच्या वादात एकदा उच्चारून संपलेला ध्वनी, तो ध्वनी म्हणून, परत येत नाही हे उभयपक्षी मान्य होते. फितीने ते मान्य गृहीत धक्क्याला लावले. येथे परत येतो तो नित्य वर्ण नव्हे, कारण खोकला, श्वास, सुपारीचा कटकट आवाज हेही परत येतात. आणि केवळ सदृश असा नवा ध्वनीही नव्हे, कारण त्याचे त्या विशिष्ट संध्याकाळच्या ध्वनीशी कार्यकारणाचे अखंड नाते आहे. हवेच्या कंपाने पडदा हलला, विद्युत्प्रवाह बदलला, लोहकण एका दिशेला वळले. फितीवर आहे तो आवाज नव्हे, आवाजाचा ठसा आहे. पण ठसा म्हणूनच तो त्या देहाशी बांधलेला आहे.

भर्तृहरीने ध्वनीत प्राकृत आणि वैकृत असा भेद केला. शब्दाची अभिव्यक्ती करणारा तो प्राकृत ध्वनी, आणि द्रुत, मध्य, विलंबित अशा वृत्तिभेदांना कारण होणारा तो वैकृत. सावकाश उच्चारल्याने शब्द बदलत नाही, म्हणून वैयाकरणाच्या दृष्टीने वैकृत ध्वनी गौण आहे. स्पूलच्या यंत्रावर याचा एक विलक्षण पडताळा मिळतो. साडेसात इंच वेगाने मुद्रित केलेली फीत पावणेचार इंच वेगाने वाजवली की काळ दुप्पट होतो आणि सर्व स्वर एक सप्तक खाली उतरतात. शब्द प्रयत्नपूर्वक ओळखता येतात, पण माणूस ओळखता येत नाही. चतुर्थांश पट्ट्यावर मुद्रित केलेली फीत अर्ध्या पट्ट्याच्या हेडवर लावली तर दुसऱ्या बाजूचे गाणे उलटे होऊन याच गाण्यात मिसळते. अशा वेळी ध्यानात येते की भाषेच्या दृष्टीने जे गौण, तेच आवाजाच्या दृष्टीने मुख्य आहे. व्याकरण ज्याला बाजूला सारते तेच गाणाऱ्याचे असते.

रोलाँ बार्तने १९७२ च्या एका निबंधात पाँझेरा आणि फिशर-डीस्काऊ या दोन गायकांची तुलना करताना हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने मांडली. आवाजाचा जो पोत आहे तो अर्थाचा किंवा भावाविष्काराचा नसून गाणाऱ्या देहाचा आहे, असे त्याचे म्हणणे. हे मान्य केले तर एक निष्कर्ष टाळता येत नाही, जो बार्त स्वतः काढत नाही. कोणाचे पत्र जवळ बाळगणे आणि कोणाचा आवाज जवळ बाळगणे या समान गोष्टी नाहीत. पत्र लेखकाने आपल्यापासून वेगळे करून पाठवलेले असते. आवाज मात्र देहापासून असा वेगळा काढून दिला जात नाही; तो घेतला जातो. म्हणून आवाज मुद्रित करण्यास लागणारी संमती ही लेखन छापण्यास लागणाऱ्या संमतीपेक्षा अधिक मूलभूत आहे.

५

येथे कायदा काय म्हणतो हे पाहणे इष्ट. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला आपल्या प्रयोगाच्या मुद्रणावर हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याचा नैतिक हक्कही मान्य झाला. त्याचबरोबर मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी, केलेले मुद्रण हे उल्लंघन मानले जात नाही. कायद्याच्या दृष्टीने म्हणजे यजमानांनी बहुधा काहीच गैर केले नाही. पण कायदा येथे प्रसाराचा विचार करतो, विश्वासाचा नव्हे. ‘केलं, बुवा’ हे दोन शब्द कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि आपला प्रश्न नेमका त्या दोन शब्दांचा आहे.

संगीतक्षेत्रात या प्रश्नाचे एक सुपरिचित उदाहरण आहे. अन्नपूर्णा देवींनी सार्वजनिक वादन थांबवले, ध्वनिमुद्रिका काढण्यास नकार दिला, आणि २०१८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन होईपर्यंत तो नकार बदलला नाही. तरीही त्यांच्या सूरबहारची थोडी खाजगी मुद्रणे रसिकांत हातोहात फिरत राहिली, आणि आज त्यांच्या वादनाविषयी जे काही बोलले जाते ते बव्हंशी त्यांवर आधारलेले आहे. ती ऐकून ज्याला अपराधी वाटले नाही असा माणूस विरळा नसेल, पण ती ऐकायला मिळाल्याचा ज्याला आनंद झाला नाही असा माणूस तर भेटणारच नाही. केवळ एवढ्यावरून ऐकणे समर्थनीय ठरत नाही. आपला आनंद हा येथे पुरावा नसून पक्षकार आहे.

या ठिकाणी दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की चोरून ऐकणे ही आपल्या परंपरेला अपरिचित गोष्ट नाही. घराण्यांच्या इतिहासात भिंतीआडून, खिडकीखालून विद्या मिळवल्याच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या आपण कौतुकाने सांगतो. पण कानाने चोरणाऱ्याला जे चोरले ते स्वतःच्या गळ्यात रुजवावे लागते. त्यासाठी वर्षे जातात, आणि जे उगवते ते चोरलेल्याहून वेगळे असते. त्या चोरीची किंमत चोरच चुकवतो. यंत्राने केलेल्या चोरीत शिकणे नाही, पालटणे नाही. जे घेतले ते जसेच्या तसे तिसऱ्याला देता येते. दोन्हींना एकच शब्द लावल्याने त्या एक होत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो लगेच सुचेल. काफ्काने आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत असे माक्स ब्रोडला सांगितले होते. काफ्का १९२४ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी ब्रोडने ‘द ट्रायल’ प्रसिद्ध केली. ब्रोडची अवज्ञा आपण सर्वांनी पदरात घेतली आहे. काफ्कावर लिहिणारा प्रत्येक समीक्षक त्या अवज्ञेचा वारसदार आहे. मग स्पूलच्या बाबतीत हा सोवळेपणा कशासाठी? याचे उत्तर असे की काफ्काची हस्तलिखिते काफ्काने लिहिली होती. ब्रोडने एका अस्तित्वात असलेल्या कृतीच्या भवितव्याविषयीची इच्छा मोडली. बुवांनी मात्र फीत निर्माण केलीच नाही. त्यांची इच्छा मोडूनच ती अस्तित्वात आली. पहिल्या ठिकाणी अवज्ञेने कृती वाचली, दुसऱ्या ठिकाणी अवज्ञा हीच कृतीचा जन्म आहे. कलेची सेवा हे समर्थन पहिल्या प्रसंगी निदान पुढे करता येते. दुसऱ्या प्रसंगी ते मागाहून शोधलेले असते.

मग फीत पुसून टाकावी काय? पुसण्याची सोय यंत्रातच आहे; मुद्रण करणाऱ्या हेडच्या आधी पुसणारे हेड बसवलेले असते, म्हणजे या यंत्रावरचे प्रत्येक लेखन पूर्वीच्या संभाव्य लेखनाचा नाश करूनच सुरू होते. पण येथेही सावध राहावे लागते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरली, असे परंपरा सांगते. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्या कथेत एक सत्य आहे : जो पाठ लोकांच्या ओठांवर आहे तो पाण्याने नष्ट होत नाही. फितीवरचे गाणे कोणाच्याही ओठांवर नाही. ते पुसणे म्हणजे पुन्हा न करता येणारी, दुरुस्त न होणारी कृती करणे. आणि ‘यंत्र बंद करा’ म्हणणाऱ्या माणसाने ‘पुसून टाका’ असे म्हटलेले नाही, कारण पुसण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या वतीने नाश करण्याचा अधिकारही आपल्याला त्याने दिलेला नाही.

६

एव्हाना स्पष्ट झाले असेल की प्रश्न ‘स्पूल कोणाचा’ असा नसून ‘स्पूल वाजवण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे आहे त्याचे कर्तव्य काय’ असा आहे. फीत एकटी मुकी असते. तिच्यावर डोळ्यांना वाचता येईल असे काही नाही. पेशवे दफ्तरातील मोडी कागद ज्याला मोडी येत नाही त्याला मुके असतात, तसेच हे. फरक इतकाच की मोडी जाणणाऱ्याचे ज्ञान वाचनाने झिजत नाही, उलट वाढते, आणि ते दुसऱ्याला शिकवता येते. यंत्राचे तसे नाही. ते वाचते तेव्हा स्वतः झिजते आणि वाचले जाणारेही झिजवते. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांना याची तीव्र जाणीव आहे. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह चुंबकीय फितींविषयी धोक्याची सूचना दिली, तिचा रोख केवळ फितींच्या क्षयावर नव्हता. चालती यंत्रे, सुटे भाग आणि ती चालवू जाणणारे हात संपत चालले आहेत, हा तिचा मुख्य मुद्दा होता.

म्हणून असे यंत्र चालू स्थितीत बाळगणाऱ्याचे स्वामित्व हे गांधींच्या अर्थाने विश्वस्ताचे स्वामित्व आहे, असे म्हणावेसे वाटते. त्याच्याकडे जे आहे ते त्याने मिळवले असेल, पण त्याचा उपयोग त्याच्या एकट्यापुरता नाही. ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा, आईचा, गावच्या कीर्तनकाराचा आवाज डब्यात बंद आहे आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही, अशांचे त्या यंत्रावर काही देणे लागते. केवळ आपल्या श्रवणसुखासाठी, नव्याने विकत घेतलेल्या महागड्या स्पूलांवर त्या हेडचे उरलेले तास खर्च करणे हा गुन्हा नव्हे. परंतु ज्या वस्तूची भर पडत नाही ती खर्चताना क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावणे हीच नैतिक कृती आहे. जुने यंत्र आज वापरण्याचे समर्थन सत्यतेत नाही, या ऋणात आहे.

हेच यंत्र ऐकणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी टाकते. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसची लेखनाविरुद्ध तक्रार अशी की लिहिलेले शब्द विचारल्यास उत्तर देत नाहीत, तेच ते सांगत राहतात, आणि हल्ला झाला तर त्यांना आपल्या पित्याची मदत लागते. आवाजाची फीत याहून असहाय आहे, कारण ती उत्तर देत नसूनही समोर असल्याचा भास देते. बेकेटने १९५८ मध्ये ‘क्राप्स लास्ट टेप’ लिहिले तेव्हा घरगुती टेपरेकॉर्डर इतका नवा होता की नाटक त्याला भविष्यकाळात ठेवावे लागले. एकोणसत्तर वर्षांचा क्राप आपल्या एकोणचाळिसाव्या वर्षीची फीत ऐकतो. त्या वयाच्या आवाजाला जे साक्षात्काराचे वाटते ते तो चिडून पुढे ढकलतो, आणि होडीतल्या त्या एका आठवणीपाशी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकतो. येथे गाणारा, मुद्रण करणारा आणि ऐकणारा एकच आहे, संमतीचा प्रश्नच नाही. तरीही कळ दाबणारा हात मागच्या माणसाला न्याय देत नाही. तो त्याला आपल्या गरजेप्रमाणे कापतो. स्वतःच्या आवाजाशी जे होते ते दुसऱ्याच्या आवाजाशी किती सहज होईल, याचा विचार प्रत्येक समीक्षकाने करावा. आपणही संहितेतून हवे तेच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाजवतो.

त्या बुवांच्या स्पूलपाशी परत येऊ. फीत ॲसिटेटची आहे, आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. म्हणजे तिचा रासायनिक क्षय सुरू झालेला आहे आणि तो थांबवता येणार नाही, फार तर मंदावता येईल. बुवांच्या संमतीने मुद्रित झालेल्या पहिल्या रागाची अंकीय प्रत करून ती त्यांच्या शिष्यपरिवाराकडे सोपवली आहे. त्या वाक्यानंतरच्या चाळीस मिनिटांची प्रत केलेली नाही. स्पूल आहे तसा, थंड आणि कोरड्या जागी ठेवला आहे. तो दोनदा ऐकला गेला आहे. पहिल्यांदा पुढे काय आहे हे माहीत नव्हते. दुसऱ्यांदा ते माहीत होते, आणि ते ऐकणे योग्य होते असा दावा येथे करायचा नाही.

यावर कोणी म्हणेल की हा निर्णय नसून निर्णयाची टाळाटाळ आहे. जे करण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही ते आपण रसायनाकडून करवून घेत आहोत. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्यातही एक भेद करावा लागतो. पुसणे म्हणजे बुवांच्या वतीने बोलणे, आणि प्रत करून टिकवणे म्हणजे बुवांच्या विरुद्ध बोलणे. त्या गाण्याला त्याच्या वस्तूचे आयुष्य लाभू देणे, त्याहून अधिक नाही, या भूमिकेत निदान त्या दोन्ही वाक्यांपैकी एकही उच्चारावे लागत नाही. नैयायिक म्हणत तसा तो ध्वनी त्या संध्याकाळीच नष्ट व्हायचा होता. यजमानांच्या दोन शब्दांनी त्याला पन्नासहून अधिक वर्षांची मुदत मिळाली. ती वाढवून देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे कोणत्याही युक्तिवादाने अद्याप सिद्ध करता आलेले नाही; आणि जोपर्यंत ते सिद्ध होत नाही तोपर्यंत त्या गाण्याच्या लोभाने आपण तो सिद्ध झाला असे मानू नये, एवढेच म्हणता येईल.